दादाने बिघडवलेली यंत्रं

माझ्या भावाला सगळेच दादा म्हणतात. मी म्हणते ते ठीक, मी त्याच्या पाठची बहीण. पण नोकरीतले त्याच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा त्याला दादाच म्हणायचे. साबणाच्या कारखान्यात फिटर होता तो. लांबलचक पट्ट्यावरून साबणाच्या वड्या रांगेने चाललेल्या असायच्या, आणि पट्टा अडला की एकच ओरडा, "दादाला बोलवा!" दादा यायचा, यंत्राला कान लावायचा, कुठेतरी पाना फिरवायचा, की पट्टा चालू. उभी हयात त्याने हेच केलं. घरी आला की अंगाला असा वास यायचा, वहिनी म्हणायची, "ह्यांना साबण लावायची गरजच नाही, नुसतं पाणी ओतलं तरी फेस येतो."

वहिनी घरातच पाळणाघर चालवायची. नोकरीवाल्या बायका सकाळी मुलं सोडून जायच्या आणि वहिनी दिवसभर कुणाला कडेवर, कुणाला मांडीवर घेऊन, कुणाच्या मागे हातात वाटी घेऊन पळायची. वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. दादा मात्र पाळीवर. पाळी संपली तरी तिकडे कुठलंतरी यंत्र रुसलेलं असायचं, मग हा तिथेच मुक्कामाला. घर तिने एकटीने ओढलं. तक्रार केली नाही असं मी म्हणणार नाही, चांगली खणखणीत करायची, पण ऐकायला दादा घरात असायचा कुठे?

मग तो निवृत्त झाला. वहिनीनेही पाळणाघर बंद केलं, कारण गुडघ्यांनी तिच्या आधीच राजीनामा दिला होता. आणि पहिल्याच आठवड्यात दादाने आपल्या बायकोला आयुष्यात पहिल्यांदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाहिलं.

मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, मध्ये जिन्यापुढची जागा तेवढी. एके दिवशी दुपारी दादा माझ्याकडे येऊन मोढ्यावर बसला. पाणी दिलं तर हातात धरून नुसता बघत राहिला.

"चिमे," तो म्हणाला. माझ्या तोंडात दात कमी राहिलेत, तरी मी त्याला चिमीच. "चिमे, मी काय माणूस आहे गं? पट्ट्याचं एक बेअरिंग कुरकुरलं तर मला जेवण जायचं नाही. आणि हिचे गुडघे इतकी वर्षं कुरकुरतायत, ते मला ऐकूच आले नाहीत. आत्ता बरणीचं झाकण उघडायला तिने बरणी दोन गुडघ्यांत धरली होती. चेहरा बघवत नव्हता."

"मग उघडून दे की," मी म्हटलं.

"एक झाकण उघडून काय होणार?" तो म्हणाला. फिटरच तो. त्याला एक झाकण दिसत नाही, सगळा कारखाना दिसतो.

तिथून सुरू झालं. म्हाताऱ्या माणसांसाठी बाजारात किती वस्तू मिळतात हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी आला लांब दांडीचा चिमटा. इकडे मूठ दाबली की तिकडे चोच मिटते, खाली पडलेली सुई असो नाहीतर माळ्यावरची टोपली असो, कमरेतून वाकायला नको की टाचा उंचवायला नको. त्याचं नाव आम्ही बगळा ठेवलं. मग झाकण उघडायचं यंत्र आलं, बरणीवर ठेवलं की घुर्र करतं आणि झाकण सुटतं. गळ्यात अडकवायचं भिंग आलं, त्यालाच बारीक दिवा. वेळेवर केकाटणारी गोळ्यांची डबी आली. वेळ सांगणारं घड्याळ आलं, ते इतक्या गोड आवाजात बोलायचं की वहिनी म्हणायची, "ह्या बाईला बरं ऐकता, मी सांगितलं तर ऐकू येत नाही." फरशी झाडणारी एक गोल चकती आली. ती आपली आपण घरभर फिरायची, पलंगाखाली अडकली की रडायची. आणि टाळी वाजवली की लागणारा दिवा! त्याची मजा अशी की दादाला शिंक आली तरी लागायचा. दादाला सर्दी झाली की घरात रोषणाई.

सगळ्यांत मोठी आली ती खुर्ची. मऊ, रुंद, हाताला बटण. बटण दाबलं की पाठ मागे जाते आणि पाय वर येतात. दुसरं दाबलं की अख्खी खुर्ची मागून उचलली जाते आणि बसलेल्या माणसाला अलगद उभं करून सोडते. मी एकदा बसून पाहिलं. खरं सांगते, मला तर वाटलं कुणीतरी काखेत हात घालून उठवलं.

पण दादाचं समाधान विकतच्या वस्तूंनी होतंय होय? त्याने जुना रबरी पट्टा मिळवला, मोटर बसवली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापासून वहिनीच्या खुर्चीपर्यंत भिंतीकडेने पट्टा टाकला. इकडे हा चहा करणार, कप पट्ट्यावर ठेवणार, आणि कप डुलत डुलत वहिनीच्या हाताशी येऊन थांबणार. इमारतीतली माणसं बघायला यायची. वहिनी खुर्चीत बसून कप उचलायची आणि सगळ्यांकडे बघून हसायची. मीही म्हटलं होतं, "वहिनी, राज्य मिळालं बाई तुला." माझ्या मनात थोडी जळजळसुद्धा होती. कशाला लपवू?

दादा त्या दिवसांत फार सुखात होता. मला म्हणायचा, "बघ, आता तिला एक बोट हलवायला लागत नाही."

ते खरंच होतं. घोळ तिथेच झाला.

आधी वहिनी बोलायची कमी झाली. मग माझ्याकडे यायची बंद झाली. "तुम्हीच या ना वन्सं," म्हणायची, "मला उठायचा कंटाळा येतो." मी जायची. पायांवर शाल घेऊन बसलेली असायची. दाराची घंटी वाजली तर समोरच्या पडद्यावर कोण आलंय ते दिसायचं आणि बटणावर कडी उघडायची, तेही दादानेच केलेलं. म्हणजे दार उघडायलाही उठायला नको.

एके दिवशी सकाळी वीज गेली. खुर्ची निम्मी आडवी होती ती तशीच राहिली. वहिनीला उठायचं होतं. दादाने हात दिला, मला हाक मारली, मीही धावले. दोघांनी धरून तिला उभं केलं, तर तिचे पाय लटलट कापायला लागले, जन्मात कधी जमिनीला लागलेच नसावेत असे. जी बाई एका कडेवर एक आणि दुसऱ्या कडेवर दुसरं मूल घेऊन जिना चढायची, तिला खुर्चीपासून न्हाणीघरापर्यंत नेताना आम्हा दोघांना घाम फुटला.

डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. तरुण आहे, पण शांत आहे. तिने वहिनीचे पाय दाबून पाहिले, उठा म्हणाली, बसा म्हणाली. मग बाहेर येऊन दादाला विचारलं, "दिवसभर काय काय करतात त्या?"

"काही करावं लागत नाही," दादा म्हणाला. सवयीने म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "गुडघे दुखत होते, पण पायात ताकद होती. आता ताकदच गेलीय, वापर नाही म्हणून. अजून वेळ आहे. रोज स्वतःच्या पायांवर उठल्या, चार पावलं चालल्या तर येईल परत. नाही उठल्या तर मग अंथरूणच."

दादा जिन्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. "मीच तिचे पाय काढून घेतले, चिमे. आधी राबवून झिजवले आणि मग बसवून घालवले."

आता तुम्ही म्हणाल, खुर्ची बंद करायची आणि तिला उठवायचं, झालं. केलं ना तेही. दादाने लाडीगोडी केली, रागावून पाहिलं. पण वहिनीच्या मनात पडायची भीती बसली होती. उठायचं म्हटलं की खुर्चीचे हात घट्ट धरायची. "बटण दाबा ना. का छळता मला?" म्हणायची. डोळ्यांतून पाणी. दादाचा हात आपोआप बटणाकडे जायचा. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून 'नाही' म्हणायचं त्याला जमत नव्हतं. आणि 'हो' म्हटलं की ती अंथरुणाला एक दिवस जवळ.

मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. जन्मभर यंत्रं दुरुस्त केली, आता तो ती बिघडवायला लागला.

मी वहिनीला धरून अंघोळीला नेलं की ह्याचा पेचकस बाहेर. पहिला नंबर पट्ट्याचा. कप तिच्या हातापासून वीतभर अलीकडे थांबायला लागला. वाकून, हात लांब करून घ्यावा लागायचा. काही दिवसांनी हातभर अलीकडे. मग खुर्चीतून पुढे सरकावं लागायचं. मग उठावंच लागायचं. खुर्चीचंही तसंच. एकदम बंद नाही केली, पठ्ठ्याने तिचं उचलणं हळूहळू कमी केलं. आज थोडी कमी उठली, पुढच्या आठवड्यात आणखी थोडी कमी. राहिलेलं अंतर वहिनीच्या पायांनी भरून काढायचं. दाराचं बटण मेलं. दिवा बहिरा झाला, टाळ्या वाजवून हात लाल झाले तरी लागेना.

मला त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि वर गळ्याची शपथ घातली होती. मी हसले होते. मला वाटलं, बरं आहे, गंमत आहे.

वहिनी म्हणायची, "अहो, तो पट्टा बघा ना, परत अडलाय."

दादा पेचकस घेऊन बसायचा. उघडायचा, बघायचा, परत बंद करायचा. मग मान हलवायचा. "नाही जमत गं."

हे तीन शब्द त्याच्या तोंडून मी लहानपणापासून कधी ऐकले नव्हते. वहिनीनेही नव्हते. पहिल्यांदा ती चिडली. नंतर नंतर ती त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. तो उगाच स्क्रू उलटा फिरवायचा, मग ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायची आणि त्याच्याजवळ जाऊन भिंग धरायची. "हे बघा, इथे असेल," म्हणायची, अगदी मऊ आवाजात. पाळणाघरातल्या पोरांशी बोलायची ना, तसं.

एका सकाळी माझं दार वाजलं. उघडून बघते तर वहिनी! एक हात भिंतीला, दुसरा चौकटीला. किती महिन्यांनी ती माझ्या उंबऱ्यात उभी होती, आपल्या पायांनी आलेली. माझ्या तोंडातून आनंदाने हाक निघणार तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. डोळे सुजलेले.

"वन्सं, ह्यांच्या डोक्यात काहीतरी व्हायला लागलंय हो," ती म्हणाली. "हातातलं कसब चाललंय. काल साधा स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा ते आठवेना त्यांना. मला सांगत नाहीत, पण मला कळतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचं असंच सुरू झालं होतं."

आता काय सांगू? सांगितलं तर ही परत जाऊन खुर्चीत बसेल. नाही सांगितलं तर हे असं रडणं. मी तिच्या तोंडाकडे बघूच शकले नाही, पायांकडे बघत राहिले. पाय थरथरत होते, पण उभे होते. "वय झालंय त्याचं," मी म्हटलं. "तू काळजी करू नकोस." अशी वाक्यं बोलायला काही लागत नाही, पण त्या दिवशी मला जेवण कडू लागलं.

आणि मग वहिनीने कंबर कसली. सकाळी दादाच्या आधी उठायला लागली, का, तर ह्याने गॅस चालू ठेवून जाऊ नये. तो अंघोळीला गेला की बाहेर उभी, "आहात ना हो आत?" त्याची हत्यारांची पेटी उचलून कपाटात टाकली, बोट कापून घेईल म्हणून. ती पेटी मला उचलत नाही. त्याच्या कारखान्यातले दोन जुने सोबती तिने फोन करून बोलावले. ते येऊन दादाच्या समोर बसले आणि ठार बहिऱ्याशी बोलावं तसे एक एक शब्द सुटा करून ओरडले, "दादा! मी! ओळखलंस का?"

दादा म्हणाला, "ओळखलं. तूच तो, माझा पाना नेलास आणि अजून दिला नाहीस."

"जुनं आठवतंय बरं," तो सोबती वहिनीच्या कानात म्हणाला. "असंच असतं. जुनं सगळं आठवतं."

मी पदरात तोंड घालून हसले. दादा हसला नाही. ते गेल्यावर त्याने चहाची किटली उचलली, तर वहिनीने लगबगीने येऊन त्याच्या हातातून ती काढून घेतली. "राहू द्या, भाजेल." लगबगीने आली, हे दादाने पाहिलं आणि मीही पाहिलं. दादा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "चालतेय ना ती? मग झालं. मला वेडा म्हणोत." पण म्हणताना त्याची बोटं स्क्रू फिरवल्यासारखी नुसतीच फिरत होती. "चिमे, काल मी झोपेचं सोंग घेतलं होतं. ती उशाशी बसून रडत होती. आधी गुडघे, मग पाय, आता डोळे. हिचं काय काय घेऊ मी?"

"सांगून टाक," मी म्हटलं.

"आणि परत बसली तर?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

शेवटी वहिनीनेच डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. दादाच्या डोक्यासाठी. दवाखाना वरच्या मजल्यावर. वहिनी कठडा धरून पुढे, मध्ये दादा, मागे मी. एक एक पायरी चढत ती वळून म्हणायची, "सावकाश हं. इथे पायरी उंच आहे." दादा मान खाली घालून चढत होता.

आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी दादाला वार विचारला, नाव विचारलं. मग एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "आजोबा, एक घड्याळ काढा. आकडे घाला, आणि काटे दाखवा, अकरा वाजून दहा मिनिटं."

दादाने पेन घेतलं. वहिनी खुर्चीच्या टोकावर. तिचे ओठ हलत होते, तीच मनातल्या मनात आकडे घालत होती त्याच्यासाठी. मला कळलं ह्याच्या मनात काय चाललंय. बरोबर काढलं तर पकडला जाणार. चुकीचं काढलं तर ही इथेच कोसळणार, आणि वर गोळ्या सुरू. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे.

त्याने एक गोल काढला. अहो, काय गोल! वाटी ठेवून काढावा तसा. आणि पेन खाली ठेवलं.

"डॉक्टर, मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी खोटं वागतोय. यंत्रं मीच बिघडवली." मग त्याने सगळं सांगितलं. पट्टा, खुर्ची, दिवा, सगळं. माझं नावही घेतलं. तिथे मात्र त्याला शपथ आठवली नाही.

डॉक्टरीणबाई आधी थक्क झाली, मग हसायला लागली. "आजी, जरा दारापर्यंत चालून दाखवा बरं," म्हणाली. वहिनी उठली, कशाला हात न लावता, दारापर्यंत गेली. "वा! औषध लागू पडलं की!" डॉक्टरीणबाई म्हणाली.

वहिनी दारातून परत आलीच नाही. तिथूनच वळून बोलली.

"रोज उठताना पायात कळ यायची. तरी उठायचे. का? तर मी अंथरुणाला खिळले तर ह्यांना कोण बघणार? तुमच्या आधी मरायचं नाही असं ठरवलं होतं मी." मग तिचा आवाज चढला. "बसवलंत तेव्हा मला विचारलं नाहीत. उठवलंत तेव्हाही विचारलं नाहीत. मी काय तुमच्या कारखान्यातली मशीन आहे? आणि वन्सं, तुम्ही! माझ्या तोंडावर म्हणालात, वय झालंय म्हणून!"

आणि निघाली. जिना उतरली. आम्ही दोघं अपराध्यासारखे मागे. आता सावकाश म्हणायलाही कुणी नव्हतं.

बरेच दिवस ती आमच्या दोघांशी बोलली नाही. चहा करायची, दादाच्या समोर ठेवायची, माझ्यापुढेही ठेवायची, पण शब्द नाही. मी एकदा म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं." तर म्हणाली, "साखर पुरे का?" बस, तेवढंच. दादाला धास्ती होती की ती रागाने परत खुर्ची धरेल. नाही धरली. उलट दिवसभर त्याच्या नाकासमोरून फिरायची, मुद्दाम, पाय आपटत. तिच्या पायाच्या प्रत्येक आवाजाला दादा मान खाली घालायचा.

मग एके दिवशी तिने सगळी यंत्रं दिवाणखान्यात मांडायला लावली आणि आपल्या हाताने निवडली. बगळा ठेवला. भिंग ठेवलं. दिवा ठेवला, कारण दादा शिंकला की तिला हसू येतं. झाकणाचं यंत्र ठेवलं. पट्टा काढून टाकायला सांगितला. खुर्ची ठेवली, पण बटण दादानेच तिच्यासमोर काढून दिलं. आता ती साधी खुर्ची आहे, आणि दुपारी दोघं आळीपाळीने त्यात झोपतात. दादा आता प्रत्येक गोष्ट विचारतो. "खिडकी उघडू का? पंखा वाढवू का? तुला उशी देऊ, की नको देऊ?" वहिनी म्हणते, "विचारून विचारून माझा जीव खाल तुम्ही."

मला वाटलं, मिटलं. पण परवा त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. खरोखरच गळत होता. दादा आनंदाने उठला, "दोन मिनिटांचं काम आहे." वहिनीने हात आडवा घातला. "नको. बाहेरचा प्लंबर बोलवा."

"अगं, नळासाठी प्लंबर? मी घरात असताना?"

"तुम्ही घरात आहात म्हणूनच."

प्लंबर आला तेव्हा दादा माझ्याकडे येऊन बसला होता. दोन्ही दारं उघडी, सगळं ऐकू येत होतं. प्लंबर म्हणाला, "काकू, वॉशर गेलाय."

वहिनी म्हणाली, "आपोआप गेला, की कुणी घालवला?"

प्लंबरला काही कळेना. "आपोआपच जातो हो, कोण कशाला घालवेल?"

"नीट बघून सांगा."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "चिमे, खरंच मी नाही गं. तू तरी जाऊन सांग तिला."

मी उठले, चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मी सांगितलेलं तरी ती का खरं मानेल?